उन्हाळ्यात मित्रमंडळींना जेवायला बोलवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

एप्रिल लागला की ग्रुपवर तेच तेच प्रश्न यायला लागतात, आंबे किती आणू, गच्चीवर बसलं तर चालेल का, सोलकढी फाटली आता काय करू, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. हे पंगतीसाठी नाहीये, आठ-दहा जण, घरचे कपडे, चटई टाकून खाली बसायचं आणि अकरापर्यंत गप्पा मारायच्या असल्या जेवणासाठी आहे. आणि आधीच सांगतो, माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे, ज्याने बोलवलंय तो गॅससमोर घाम पुसत उभा नको. बाकीची उत्तरं त्यातूनच निघालीयेत.

मेनू आधी ठरवू का बाजारात जाऊन?

बाजारात जाऊन. मेनू लिहून गेलात की पालक मान टाकलेला असला तरी तुम्ही तो घेणार कारण लिस्टवर आहे. मे महिन्यात पालेभाज्या कमी येतात, आल्या तरी महाग आणि संध्याकाळपर्यंत लोळागोळा, कोथिंबीर आणि लिंबाचा भाव तर विचारूच नका. त्याउलट कैरी, काकडी, दुधी, पडवळ, लाल भोपळा, चवळीच्या शेंगा, कोवळा फणस, कलिंगड, खरबूज हे सगळं भरपूर आणि चांगलं असतं. लिंबू महाग झालंय तर आंबटपणा कैरीतून घ्या किंवा आमसुलातून, एवढा साधा हिशोब आहे. एवढंच ठरवून जा की एक थंड पेय, दोन कच्चे प्रकार, एक पोटभरीचं आणि एक गोड. कशाचं ते भाजीवालीसमोर उभं राहिल्यावर कळतं.

बाजार कुठे करायचा?

ठाण्यात जांभळी नाका, सकाळी लवकर. दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि ऊन डोक्यावर येतं. नौपाड्यातले असाल तर गावदेवीला पण बरं मिळतं. सीझनला आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायका करवंदं, जांभळं, कधी जाम घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात, त्यांच्याकडे जे असेल ते घ्याच आणि उगाच दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका, ते करवंद तोडताना काट्यांनी हात कसे सोलतात ते बघितलंय का कधी.

नवी मुंबईवाल्यांना वाटतं वाशीचं एपीएमसी हाकेवर आहे तर सगळं तिकडूनच आणू. तो होलसेल बाजार आहे, पेटीने किंवा क्रेटने घ्यायचं तर जा, अर्धा किलो भेंडीसाठी नको. चार घरांनी मिळून आंब्याची पेटी घ्यायची असेल तर मात्र पहाटे जाण्यात मजा आहे. मासळी घ्यायची तर बेलापूरचं दिवाळे गाव.

ताडगोळे दिसले तर? लगेच घ्या. पण त्याच दिवशी खायचे, दुसऱ्या दिवशी ते आंबूस लागतात. दाबून बघा, बोटाला हलका लुसलुशीत लागला तर आत पाणी आहे, कडक लागला तर खोबऱ्यासारखा चिवट निघणार. सोलायचं काम पाहुण्यांना द्या, सगळे हात बरबटून घेतात आणि ओळख नसलेली माणसं पण बोलायला लागतात.

हापूस खरा आहे का कसं ओळखायचं?

नाकाने. देठाजवळ वास घ्या. नुसताच पिवळाधमक, हाताला टणक आणि वासाच्या नावाने शून्य असेल तर तो घाईत पिकवलेला आहे, सोडून द्या. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, तरी असले आंबे बाजारात दिसतात. इथिलीनच्या चेंबरमध्ये पिकवलेला चालतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरी गंमत म्हणजे कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात. खोक्यावरचं नाव वाचून काही कळत नाही, फळवाला ओळखीचा पाहिजे, बाकी सगळं नशीब. २०१८ साली हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग तर आहेतच पण रायगड, ठाणे आणि पालघर पण आहेत, त्यामुळे कोणी 'हा रायगडचा आहे साहेब' असं प्रामाणिकपणे सांगितलं तर नाक मुरडू नका, बरेचदा तो ताजा असतो आणि स्वस्त पण. देवगड का रत्नागिरी यावर मात्र मी बोलणार नाही, त्यावरून आमच्यात जेवण गार झालंय.

आणि साका. वरून एक नंबर दिसणारा आंबा कापल्यावर आत पांढरट, आंबट, स्पंजसारखा गर निघतो तो साका. बाहेरून कळायची काही सोय नाही, फळवाल्याला पण कळत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडून उपयोग नाही. दोन आंबे जास्त घ्यायचे, हाच इलाज.

दहा जणांना आंबे किती?

हापूस साधारण २०० ते २५० ग्रॅमचा असतो, कोय आणि साल जाऊन निम्म्याहून थोडा जास्त रस हाती येतो. आमरस करणार असाल तर डोकी गुणिले दोन, वर साक्याचे दोन. नुसत्या फोडी कापून ठेवणार असाल तर माणशी एक पुरतो, लोक फोडी खाताना लाजतात, रस पिताना कोणी लाजत नाही. पेटी साधारण चार ते सहा डझनाची येते, फळ जेवढं लहान तेवढे डझन जास्त, तेव्हा एकट्याने पेटी घेऊ नका, वाटून घ्या.

अक्षय्य तृतीयेच्या आसपास भाव चढलेले असतात. मे मधे उतरतात. मे च्या शेवटाला हापूस संपत आला की केसर बघा, त्याचा रस पण झकास होतो. आणि पायरी मिळाला तर आमरसाला पायरीच, हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन.

शनिवारी जेवण आहे आणि आंबे पिकलेलेच नाहीत!

घेतानाच फळवाल्याला सांगायचं की शनिवारी रात्रीसाठी हवेत, चांगला माणूस बोट लावून लावून तसे काढून देतो. कच्चे आणले असतील तर पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रात, एकावर एक न रचता, हवेशीर कोपऱ्यात ठेवा आणि रोज हात फिरवा. कच्चा आंबा फ्रीजमध्ये अजिबात टाकू नका, थंडीत त्याचं पिकणं थांबतं आणि बाहेर काढल्यावर तो नीट पिकत नाही, साल काळी पडते आणि चव गेलेली असते. पिकल्यावर खुशाल ठेवा. तरी नाहीच पिकले तर त्या दिवशी गोडाला कलिंगड, आंबे पुढच्या आठवड्यात घरच्यांना. पाहुण्यांना आंबट आमरसात साखर ढकलून देऊ नये.

बरं, पण जेवायला नक्की काय करू? काहीतरी ठोस सांग.

माझा नेहमीचा बेत सांगतो, यात बदल करत राहतो पण हाडं हीच.

आल्या आल्या पन्हं. दोन मोठ्या कैऱ्या सकाळी कुकरला लावायच्या, गर काढायचा, गराच्या दीडपट ते दुप्पट गूळ, वेलची, मीठ, झालं. हा गोळा फ्रीजमध्ये राहतो, लोक आले की माठाच्या पाण्यात कालवायचा. केशर नसलं तरी चालतं, मीठ विसरलात तर मात्र नुसतं गुळाचं पाणी.

मग आंबा डाळ. चैत्रातल्या हळदीकुंकवाची डाळ म्हणून बायकांपुरती ठेवलीये उगाच, कोल्ड स्टार्टर म्हणून हिला तोड नाही. दोन वाट्या हरभरा डाळ दुपारी भिजत घालायची, चार-पाच तासांनी मिरचीबरोबर भरड वाटायची, गंध वाटल्यासारखी बारीक नको, दाताखाली आली पाहिजे. त्यात किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची फोडणी गार करून. गरम फोडणी ओतलीत की डाळ चिकट होते. ही सकाळी करून ठेवायची नाही, उकाड्यात आंबते.

पोटभरीला दडपे पोहे. हे जरा सविस्तर सांगतो कारण लोक इथेच गडबडतात. पातळ पोहे घ्यायचे, जाड नाही. पाण्याने भिजवायचे नाहीत. मोठ्या परातीत पोहे, त्यावर बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, काकडी, किसलेली कैरी आणि हात सैल सोडून ओलं खोबरं, मग नारळ फोडताना निघालेलं पाणी शिंपडायचं, मीठ-साखर, हलक्या हाताने कालवायचं आणि वर ताट ठेवून त्यावर वजन, वरवंटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. अर्ध्या तासात पोहे भाज्यांच्या पाण्यातच मऊ होतात. वाढायच्या आधी शेंगदाण्याची खमंग फोडणी आणि हाताने चुरलेला पोह्याचा पापड, तो आधी घातला तर सादळतो. कांदा अलिबागचा पांढरा मिळाला तर तोच घ्या, वेणीसारख्या माळा घेऊन बसलेले असतात, तो गोडसर असतो आणि कच्चा खाल्ला तरी नाकात जात नाही. पोहे दहा जणांना पाचेक वाट्या पुरे, बाजूला बाकीचं आहेच.

याबरोबर दहीभात किंवा कैरीभात, एकच. भात वाडा कोलमचा केला तर मऊ होतो आणि गार झाल्यावर पण दगड होत नाही. दहीभाताला अर्धं दूध घालायचं, नुसतं दही घातलं तर नऊपर्यंत आंबट ढाण. काकडीची कोशिंबीर, सांडगी मिरची, कुरडया, आणि शेवटी आमरस.

बघा, यात गॅस किती वेळ पेटला? सकाळी एकदा आणि संध्याकाळी फोडणीपुरता.

आमरस म्हटलं की पुऱ्या नकोत का?

नकोत. मे महिन्यात दहा जणांच्या पुऱ्या वन बीएचकेच्या किचनमध्ये तळायच्या म्हणजे एक माणूस जेवणातून गेलाच. पोळी-भाजी केंद्र प्रत्येक गल्लीत आहे, सकाळी फोन करून घडीच्या पोळ्या सांगून ठेवा, संध्याकाळी सातला आणा, सुती फडक्यात गुंडाळा. घावन येत असतील तर ते आमरसाबरोबर फार भारी लागतात आणि आधी करून ठेवता येतात.

आमरसात दूध घालू नका, लवकर खराब होतो. आंबे अर्धा तास पाण्यात ठेवून मग हाताने पिळा, मिक्सरमधे फिरवायचाच तर दोन झटके, जास्त नाही. मीठ कणभर, आणि खाताना वर तूप आणि मिरपूड. मिरपूड ऐकून तोंड वाकडं करणारेच दुसऱ्यांदा मागतात.

सोलकढी फाटली. का?

गरम केली असणार. नारळाचं दूध उकळलं की फुटतं, सोलकढी विस्तवावर ठेवायचीच नाही. आमसुलं वेगळी कोमट पाण्यात भिजवून त्याचा आगळ काढायचा, नारळाचं दूध वेगळं, दोन्ही गार, वाढायच्या तासभर आधी एकत्र. दहा जणांना तीन नारळ तरी लागतात. ठेचलेली लसूण-मिरची घाला, पण गाळून. आणि हे नारळाचं दूध उन्हाळ्यात फार नाजूक, भांडं बर्फात किंवा फ्रीजमध्येच पाहिजे, टेबलावर दोन तास राहिलं तर मी पिणार नाही.

नॉनव्हेज नाही का काही? आम्ही काय गवत खायचं?

आहे ना बाबा. कोलंबीचं कालवण कैरी घालून, दुपारी करून गार झालं की लगेच फ्रीजमध्ये, रात्री फक्त एक उकळी. किंवा सुका जवळा आणि कैरी, कांद्यावर परतून, हे तर भाताबरोबर अर्ध्या तासात संपतं. जवळा भाजताना खिडक्या उघड्या ठेवा आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला तर शांत राहा. चिकन-मटण मी मे मधे टाळतो, शिजायला वेळ, खाल्ल्यावर जडपणा आणि घामाच्या धारा.

ताजी मासळी खायची तर मे संपायच्या आत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटींना मासेमारी बंदी असते, माशांचा विणीचा काळ म्हणून, मग बाजारात असतं ते बर्फातलं, खाडीतलं नाहीतर तळ्यातलं.

गच्चीवर बसलं तर?

आधी सेक्रेटरीला विचारा. लेखी मेसेज टाका, म्हणजे नंतर दुसऱ्या विंगचे काका आले की दाखवता येतो. दुसरं म्हणजे स्लॅब. दिवसभर तापलेली गच्ची सूर्य मावळला तरी, मे मधे म्हणजे सातच्या सुमाराला, लगेच गार होत नाही, चटईतून चटके बसतात. साडेसहाला एक बादली पाणी शिंपडा, पाणीकपात चालू असेल तर कपडे धुतलेलंच वापरा, आणि लोकांना आठलाच वर न्या. डासांची उदबत्ती चार कोपऱ्यात आधीच लावा, माणसं बसल्यावर लावली तर खोकत बसतात.

स्पीकर दहाला बंद, तो नियमच आहे, रात्री १० ते सकाळी ६. बिअर वगैरे खाली घरात, गच्चीवर नको, एकदा तक्रार झाली की गच्चीला कुलूप लागतं आणि मग मुलांना पतंग उडवायला पण मिळत नाही.

लाइट गेली तर?

जाणारच धरून चाला. चार्जिंगचा टेबल फॅन आणि दिवा आदल्या रात्री चार्ज करा, फ्रीज सारखा उघडू नका, आणि एक थर्माकोलचा खोका मासळीवाल्याकडून मागून आणा, स्वच्छ धुवून त्यात बर्फ भरून पन्हं, सोलकढी, दही ठेवा. बेतच गार पदार्थांचा असल्यामुळे अंधारात पण जेवण होतं, उलट लोकांना ती रात्र जास्त लक्षात राहते.

किती वाजता आणि कोणत्या दिवशी बोलवू?

शनिवार. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि डोंबिवली-कल्याणची माणसं 'बघतो रे' म्हणून येतच नाहीत, शिवाय सोमवारचं ऑफिस डोक्यात. साडेसातची वेळ द्या म्हणजे आठला येतील. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांना सातची द्या. खारघर-नेरूळवाल्यांना सांगा ट्रान्स हार्बरच्या लोकलने या, गाडी काढू नका, ठाण्यात पार्किंग शोधण्यात आमरस संपलेला असेल.

एक जैन आहे, एक वेगन आहे, एकाला डायबेटिस आहे. आता?

एवढं घाबरू नका. आंबा डाळीत मुळातच कांदा-लसूण नसतं, पन्ह्यात नसतं, कैरीभातात नसतं. दडपे पोहे कालवताना कांद्याआधी एक वाटा बाजूला काढा. वेगनसाठी दहीभाताऐवजी कैरीभात आणि सोलकढी, आमरसावर तूप घालू नका, झालं. डायबेटिसवाल्याला काय खायचं ते त्याला आणि त्याच्या डॉक्टरला माहीत असतं, तुम्ही सगळ्यांसमोर 'तुला चालतो का रे आंबा' असं ओरडू नका आणि आग्रह पण करू नका, बिनसाखरेचं आमसुलाचं पाणी मीठ-जिरं घालून ठेवा.

खरं विचारायचं असेल तर शेंगदाण्याचं विचारा. आपल्या कोशिंबिरीत कूट, फोडणीत दाणे, चटणीत दाणे, आपल्याला ते दिसत पण नाही इतकी सवय आहे, आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याला एक चमचा महागात पडतो. निमंत्रणाच्या मेसेजमध्येच विचारून टाका.

ताटं कसली?

घरातली स्टीलची, कमी पडली तर शेजारून. नाहीतर पत्रावळी किंवा केळीची पानं. थर्माकोलच्या प्लेटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि तशाही त्या आमरसाने लडबडतात. सालं-कोयी ओल्या कचऱ्यात, आणि त्या रात्रीच खाली टाका, सकाळपर्यंत किचनमध्ये चिलटांचं राज्य झालेलं असतं.

खर्च कोणी करायचा? टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी?

बोलवलं तुम्ही तर खर्च तुमचा, असं मला वाटतं. पण दर महिन्याला जमणार असाल तर आंबे वर्गणीतून, बाकी यजमानाचं. पॉटलकला मी फार अनुकूल नाही, सगळेच ढोकळा आणतात.

उरलं तर?

पन्ह्याचा गोळा राहतो. आमरस डब्यात भरून फ्रीझरला. आंबा डाळ, कोलंबी, सोलकढी, दहीभात यातलं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं काही देऊ नका आणि खाऊ नका, आपल्याकडच्या दमट उकाड्यात त्याआधीच बिघडायला लागतं. म्हणून सगळं एकदम बाहेर मांडायचंच नाही, लहान भांड्यात थोडं थोडं काढायचं.

जून उजाडला, आता सीझन संपला का?

आंब्याचा बहुतेक संपला, जेवणाचा नाही. बदलापूरची जांभळं असतात, उशिरा आलेला केसर असतो, मग दशहरी-लंगडा येतात. गच्ची मात्र विसरा, आणि कैरीचं जे काही करायचंय ते पहिल्या पावसाआधी, नंतरच्या कैऱ्यांना तो आंबटपणा राहत नाही.

मी पाहुणा आहे, येताना काय आणू?

बर्फ. मिठाई नको, कोल्ड्रिंक नको, फुलं आणायचीच तर मोगऱ्याचा गजरा ठीक आहे, पण दोन किलो बर्फ घेऊन दारात उभा राहिलेला माणूस आमच्याकडे सगळ्यात आधी आत घेतला जातो. आणि रिकामा डबा आणा एक, उरलेल्या रसाला. डबा परत करायची भानगड मग राहत नाही.